शॉट नंबर दोनशे बारा

३ मार्च

धाकटीस,

आपलं बोलणं नाही हे मला माहीत आहे. अकरा वर्षं झाली, आणि विसरण्याइतकी मी अजून म्हातारी झालेली नाही. तेव्हा बोलू नकोस. फक्त शॉट नंबर दोनशे बाराची वही पाठव. लॅब सोडताना ती तू पिशवीत घालून नेलीस हे सगळ्यांना ठाऊक होतं. तुला विचारायची कोणाची छाती झाली नाही. मी विचारते आहे.

कारण सांगते, नाहीतर म्हणशील, थोरलीची हुकूम सोडायची खोड जात नाही.

परवा लॅबमधून एक बाई माझ्याकडे आली. माझ्या जुन्या विभागात आता सिम्युलेशन तीच करते. तिशीतली, चष्मा तोंडापेक्षा मोठा. खुर्चीच्या कडेवर बसली आणि म्हणाली, "मॅडम, राग मानू नका, पण..." राग मानू नका म्हणणारी माणसं नेमकं राग येईल असंच काहीतरी पोटात घेऊन आलेली असतात. हिच्या पोटात होतं ते असं: "तो दीड काढावा लागेल असं वाटतंय."

तो दीड! मॅडमचा दीड! अख्खी लॅब त्या आकड्यावर जेवली, आणि ही पोरगी तो काढणार.

सहा माणसं बसून वर जातील अशा केबिनच्या भिंतीचं काम चाललंय. भिंत आपल्या त्याच जुन्या रचनेची: पुढे पातळ पत्रा, मधे वीतभर मोकळी जागा, मागे खरी भिंत. उडत्या भंगाराचा तुकडा सेकंदाला पावणेसात किलोमीटर वेगाने आला की पत्र्यावर त्याचा चुरा होतो, चुऱ्याचा ढग पसरतो, आणि मागची भिंत ढगाचा मार सोसते. माझा दीड धरून हिशेब केला की भिंत टिकते. पंचवीस तारखेला समितीची बैठक आहे, त्या दिवशी प्रमाणपत्रावर सही व्हायची आहे. चष्मेवालीचं म्हणणं, आकडा तीन धरला तर भिंत फुटते. आणि तुझ्या तोफेच्या रद्द शॉट्सच्या यादीत तिला दोनशे बारा सापडला. तेच पत्रे, तीच गोळी, तोच वेग, आणि मागच्या भिंतीला भोक.

"हा रद्द का केला, मॅडम?"

मी सांगितलं. गोळी ज्या प्लास्टिकच्या वाटीत बसवतात तिची एक पाकळी गोळीबरोबर पुढे गेली आणि तिने भिंत फोडली. शॉट खराब होता. तुझ्या वहीत वाटीची नोंद असणारच. ती वही मला त्या चष्म्यासमोर आपटायची आहे.

टपालखर्च मी देईन.

तुझी थोरली (रेशनकार्डापुरती)


८ मार्च

धाकटीस,

वही आली नाही. काल फोन लावला. तुझ्या वर्कशॉपमधला लेथचा आवाज आला, मी "मी बोलतेय" म्हटलं, आणि तू फोन ठेवलास. निदान लेथ तरी बंद करायचा होतास. दोन वाक्यांपुरता.

इथे मला एका जागी बसवत नाही. पडदे धुतले. धुतलेले पडदे पुन्हा धुतले. शेजारीण म्हणाली, पाहुणे येणार का? म्हटलं, हो, एक चष्मा येतो रविवारी. खरंच येतो. परवाही आली, लॅपटॉप घेऊन. मी बोलावलं नव्हतं. मी फक्त म्हणाले होते की रविवारी घरी असते.

तिने मला माझाच दीड समजावून सांगितला! मी मुकाट्याने ऐकून घेतलं. तूही ऐक. मी काय करत होते हे तू कधी विचारलंच नाहीस. "ताई, तुझ्या कॉम्प्युटरातल्या तोफेला वास येतो का गं?" एवढंच विचारायचीस, आणि सगळा तोफखाना दात काढायचा.

आम्ही धातूचे बारीक बारीक चौकोन पाडतो आणि धडक झाली की प्रत्येक चौकोनाचं काय होतं ते क्षणाक्षणाला मोजतो. चौकोन फार ताणला, पिळवटला की हिशेबाची पावलं लहान होत जातात आणि शेवटी प्रोग्रॅम बसतो. रुसलेल्या सुनेसारखा, कितीही समजूत घाला. म्हणून नियम करतात: ताण अमुक आकड्याच्या वर गेला की तो चौकोन काढून टाकायचा. प्रोग्रॅम पुढे चालतो. अमुक म्हणजे दीड. जाड पोलादी ठोकळ्यात खड्डा किती खोल पडतो यासाठी तो ठरवला होता, आणि तिथे तो तुझ्याच तोफेच्या नऊ शॉट्सशी जुळला होता. खड्ड्याच्या कडेचे चार चौकोन गेले तर कोणाचं काय बिघडतं?

चष्मेवाली म्हणाली, "ठोकळ्यात काही बिघडत नाही, मॅडम. पण इथे ढग म्हणजेच ते ताणलेले चौकोन आहेत. तेच काढले तर मागच्या भिंतीवर आपटणार काय?"

मी म्हटलं, तुला शिकवलं कोणी?

म्हणाली, "तुमच्याच नोट्स वाचल्या."

अशा माणसावर धड चिडताही येत नाही. ठोकळ्याचा आकडा नंतर सगळीकडे वापरला जाऊ लागला, असं मी तिला सांगितलं. तिने मान हलवली. "कोणी वापरला?" असं विचारलं नाही. सभ्य आहे.

तरी तुझा शॉट खराब होता. वही पाठव.

थोरली


१३ मार्च

धाकटे,

पार्सल आलं. पोस्टमनने उंबऱ्यावर ठेवलं आणि कंबर धरून विचारलं, "बाई, आत काय, मुडदा?" मी म्हटलं, कदाचित.

वही मागितली तर पोलादी पाट पाठवलास. आणि चिठ्ठी नाही! ही कुठली रीत? आपल्या कॉन्व्हेंटमध्ये लाँड्रीच्या गाठोड्यालासुद्धा चिठ्ठी लावत असत.

तो टेबलावर ठेवून दोन दिवस मी त्याच्याभोवती फिरते आहे. जेवण स्वयंपाकघरात उभ्याने.

हा कोणता पाट ते मला कळायला वेळ लागला नाही. खडूने मागे २१२ लिहिलंय, तुझ्या त्या वाकड्या दोनने. गोळी नळीत नीट बसावी म्हणून तिला चार पाकळ्यांची प्लास्टिकची वाटी असते. नळीबाहेर पडताच पाकळ्या उमलतात, बाजूला जातात आणि मधे भोक असलेल्या या पाटावर आपटतात. गोळी एकटी भोकातून पुढे जाते. चारही पाकळ्या पाटावर आपटल्या असतील तर पाटावर चार खड्डे. एखादी पाकळी गोळीबरोबर पुढे निसटली असेल तर तीन.

चार आहेत.

मी मोजले. चष्मा पुसून मोजले. मग कागदाच्या पट्ट्या लावल्या, म्हटलं एक खड्डा आधीच्या शॉटचा असेल. पण चारही भोकापासून सारख्या अंतरावर आहेत, चारींवर गंज सारखाच चढलाय आणि बाकीचा पाट कोरा आहे. तू प्रत्येक शॉटला नवा पाट लावायचीस. त्यावरून मी भरल्या बैठकीत तुला उधळी म्हणाले होते.

बैठक आठवते ना? तू तेलकट हातांनी दारात उभी राहिलीस. खुर्ची दिली तरी बसली नाहीस. मी शॉट खराब असल्याचं सांगितलं आणि सगळ्यांनी माना डोलावल्या, कारण मी विभागप्रमुख होते आणि माझं इंग्रजी मदरच्या हाताखाली घासलेलं होतं. तू फक्त मला म्हणालीस, "ताई, खाली चल. पाट बघ. दोन जिने तर आहेत."

मी म्हणाले, "मला गुडघे आहेत."

लोक हसले. मलाही तेव्हा ते फार चुरचुरीत वाटलं होतं.

अकरा वर्षं हा पाट तू कुठे ठेवला होतास? लेथच्या खाली? डोळ्यांसमोर? हे मात्र मला सांगू नकोस.

थोरली


१८ मार्च

धाकटे,

चष्मेवालीने हिशेब नव्याने केला. ताणलेले चौकोन काढून न टाकता त्यांचे कण करून पुढे जाऊ दिले. एकोणीस तास लागले. भिंत फुटली. भोक अकरा मिलिमीटर. तुझ्या शॉटचं बारा. माझ्या उभ्या नोकरीत माझं उत्तर तुझ्या इतकं जवळ कधी आलं नव्हतं, आणि आलं ते दुसरीच्या हातून.

काल मी लॅबमध्ये गेले. फाटकावर ओळखपत्र मागितलं. चौतीस वर्षं ज्या फाटकातून गेले तिथे मला पाहुणीचा बिल्ला अडकवला. संचालक आता कोण आहे माहीत आहे? होयबा! माझ्या फायली उचलायचा, तोच. त्याने खुर्ची सोडून नमस्कार केला, एवढं मात्र कबूल.

"मॅडम, चष्मेवालीचा हिशेब म्हणजे एक मत झालं. दीडचा हिशेब दुसरं मत. दोन मतं असली की समिती जुन्या मताबरोबर जाते."

"भिंतीला मत नसतं. तिला भोक पडतं."

"प्रयोगाचा पुरावा नाही ना. दोनशे बारा रद्द आहे. वरिष्ठ तज्ज्ञाच्या निर्णयाने रद्द. ते तज्ज्ञ म्हणजे..." आणि तो छताकडे बघायला लागला.

"मी."

"ते परत वैध करायचं तर तुम्हालाच लेखी द्यावं लागेल की निर्णय चुकीचा होता. कशाला, मॅडम? इथे नव्या हॉलला तुमचं नाव द्यायचं घाटतंय. तुम्ही निवृत्त आहात. आराम करा."

"मी आराम केला तर त्या केबिनमधले सहाजणही करतील. कायमचा."

त्याने उठून दार लावलं. मग हळूच म्हणाला, "आणि लेखी दिलंत तर समिती विचारणार, चूक कशी झाली. आकडा ठोकळ्याचा, तो पत्र्याला कसा लावला. सांगाल?"

होयबा मूर्ख नाही, हे मला आयुष्यात पहिल्यांदा कळलं.

तुला तेवढंच सांगते जेवढं त्याला सांगितलं. त्या सकाळी अकराला बैठक होती. तीन धरून हिशेब चालत नव्हता. दोनदा बसला. म्हणून मी आकडा दीड केला आणि तो चाळीस मिनिटांत पुरा झाला. "वापरला जाऊ लागला" असं मागे लिहिलं होतं, ते खोटं. मी वापरला. घाई होती. एवढंच.

थोरली


२४ मार्च

धाकटे,

एवढंच नाही.

सहा दिवस घरात येरझाऱ्या घालते आहे. शेजारणीने खालून वर येऊन विचारलं, "ताई, फरशी मोजताय का?" उद्या बैठक आहे. समितीला द्यायचा कागद लिहिला, फाडला, पुन्हा लिहिला. प्रत्येक वेळी "घाईमुळे" या शब्दापाशी पेन सुरळीत चालतं आणि त्याच्या पुढे अडतं. ते वाक्य समितीच्या आधी तुला द्यायला हवं.

हिशेब पुरा झाला की प्रोग्रॅम शेवटच्या पानावर एक ओळ छापतो: सुरुवातीला गोळी आणि पत्र्याच्या चुऱ्याचं वजन किती होतं आणि शेवटी किती उरलं. धातू कुठे जात नाही, तेव्हा आकडा शंभराच्या जवळ हवा. त्या सकाळी तिथे अठ्ठावन्न लिहिलं होतं. शंभरातला बेचाळीस भाग धातू पत्रा आणि भिंत यांच्या मधे, वीतभर जागेत, नाहीसा झाला होता. मागच्या भिंतीपर्यंत पोचलाच नाही, म्हणून भिंत टिकली.

ती ओळ मी वाचली.

चुकून नजरेआड झाली नाही. मी वाचली, समजले, घड्याळाकडे पाहिलं आणि शेवटचं पान सोडवून ड्रॉवरमध्ये ठेवलं. समितीला बाकीची पानं दिली. त्या वर्षी वर विचारत होते, तोफ ठेवायची की कॉम्प्युटर वाढवायचे, दोन्हींना पैसा नाही. आदल्याच आठवड्यात एक सदस्य माझ्या तोंडावर म्हणाला होता, "तोफ असताना गणितं कशाला?" आणि त्याच सकाळी खालून तुझा निरोप आला की भिंतीला भोक पडलंय. मला वाटलं, आज जर मी म्हटलं की माझा हिशेब अर्धवट आहे आणि धाकटीचा शॉट खरा आहे, तर जन्मभर हेच ऐकावं लागेल. पाकळीची गोष्ट मी माझ्या खोलीतून वर बैठकीला जाताना जुळवली. पुरता एक जिनाही लागला नाही.

मग तुला भांडारात बसवलं. नट-बोल्ट मोजायला, एवढ्या कसबी हातांच्या बाईला. तू राजीनामा दिलास. आईने मला विचारलं, "तिने असं काय केलं गं?" मी म्हणाले, "हट्टी आहे." आई गेली तेव्हा आपण दोघी एकाच गाडीत बसून आलो आणि दोघीही ड्रायव्हरशी बोललो. तो बिचारा गोंधळला होता.

पान माझ्याकडे आहे. निवृत्तीच्या दिवशी ड्रॉवर रिकामा केला तेव्हा फेकायला घेतलं होतं. नाही फेकलं. का ते विचारू नकोस, मला चांगलं दिसेल असं उत्तर माझ्याकडे नाही. त्याची प्रत सोबत आहे. समितीच्या कागदाचीही. त्यात एक ओळ खोडलेली दिसेल. शाळेत खोडरबर चालत नसे, आठवतंय? चुकीवर एक सरळ रेघ, आणि खालचं वाचता आलं पाहिजे, नाहीतर मदर वही परत फेकायची. तेव्हा रेघेखाली वाच. तिथे "घाईमुळे" लिहिलंय. वर "जाणूनबुजून".

क्षमा मागत नाही. ती मागितली की समोरच्याला काहीतरी द्यावं लागतं, आणि तुझ्याकडून मी पुष्कळ घेतलंय.

थोरली


२७ मार्च

धाकटे,

सकाळी तू फोनवर एकच प्रश्न विचारलास आणि मी, जिचं तोंड आपल्या सात पिढ्यांत कोणाला बंद करता आलं नाही ती, रिसीव्हर धरून ठोंब्यासारखी उभी राहिले. तू वाट पाहिलीस. मग ठेवलास. उत्तर देते. आधी बैठकीचं ऐक.

मी कागद वाचला. शेवटचं पान टेबलावर ठेवलं, आणि त्याच्यावर पाट. पाट मी टॅक्सीतून मांडीवर घेऊन गेले, साडीला गंज लागला तो अजून निघत नाही. अध्यक्षबाईंनी खड्डे मोजले. मग पाट शेजाऱ्याकडे सरकवला, त्याने मोजले. नऊ माणसांनी आळीपाळीने चारपर्यंत मोजलं.

शेवटी बाई म्हणाल्या, "हे आम्हाला तेव्हा का दाखवलं नाही?"

मी म्हटलं, "दाखवणारी दारात उभी होती. मी तिला हसण्यावारी नेलं."

प्रमाणपत्र थांबलं. दोनशे बारा वैध ठरला, तुझ्या नावाने. भिंत नव्याने आखायची आणि तोफेवर पुन्हा तपासायची. हॉलला माझं नाव देणार नाहीत. होयबाने ते इतक्या दुःखाने सांगितलं की मलाच त्याची समजूत घालावी लागली. चौकशीही होईल, पेन्शनला हात लावतील कदाचित. लावू देत. चष्मेवाली जिन्यात रडली. मी म्हटलं, "रडू नकोस, चष्म्यावर डाग पडतात." त्यावर जास्तच रडली.

एक अडचण आहे. तोफखान्यातल्या लोकांना सव्वासहाच्या वर वेग मिळत नाही. पावणेसात तू कसा काढायचीस ते कोणाला माहीत नाही, ते सगळं तुझ्या वहीत आहे. होयबा म्हणाला, "मॅडम, तुम्ही बहिणीला सांगा ना." मी म्हटलं, तिला काही सांगायचा अधिकार मी अकरा वर्षांपूर्वी घालवला. तुम्ही लेखी विनंती करा, आधीची बदली चुकीची होती असं पहिल्याच परिच्छेदात लिहा, आणि मग ती काय म्हणते ते ऐका. पत्र निघालंय. तू नाही म्हणालीस तरी माझी तक्रार नाही. हो म्हणायचं असेल तर वही टपालात टाकू नकोस, हातात घेऊन ये.

बैठक संपल्यावर चष्मेवाली म्हणाली, "मॅडम, खाली येता?"

मी गेले. चौतीस वर्षांत पहिल्यांदा. तेलाचा वास येतो, तू म्हणायचीस तसा. तुझी भिंत तिथेच आहे. दोनशे बाराची, भोक पडलेली ती हातभर प्लेट. हॉलचा दरवाजा वाऱ्याने लागू नये म्हणून तिला त्याला टेकवून ठेवतात. कोणीतरी भोकातून दोरी ओवलीय, ओढायला सोपं पडावं म्हणून. मी दोरी काढली आणि भोकात करंगळी घातली. बरोबर बसते. कडा बाहेरच्या बाजूला वळलेल्या आहेत, स्वच्छ, प्लास्टिकचा मागमूस नाही. नुसतं बघितलं असतं तरी कळलं असतं.

आता तुझा प्रश्न. लेथ चालू होता, मग तू तो बंद केलास, आणि म्हणालीस, "ताई, गुडघे कसे आहेत?"

दुखतात. उतरताना काही वाटलं नाही. चढताना प्रत्येक पायरीला थांबावं लागलं.

थोरली